बंब, गिझर आणि न्हाणीघराची खिडकी

२२ जानेवारी १९६२ रोजी पहाटे सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, कुलाब्याला ११.७ पर्यंत. शिवाजी पार्क या दोन्हींच्या मधलं. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे थंडी थोडी कमी भासली असेल इतकंच. पण त्या पहाटेही या परिसरातल्या एकाही घरात भिंतीतली शेकोटी पेटली नाही, कारण तशी सोयच कुणी बांधली नव्हती. महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांना धुराडी आहेत. मुंबईतल्या घराला ती लागत नाहीत. इथली थंडी उत्तरेचे वारे वाहतील तेवढे दिवस टिकते. तेवढ्यापुरत्या गोधड्या माळ्यावरून खाली येतात, कट्ट्यावर कानटोप्या दिसू लागतात, आणि थंडी ओसरते. इथे माणूस अंगाला ऊब देतो, खोलीला देत नाही.

तरीही घरात विस्तव असायचा. स्वयंपाक सोडला तर तो दोन कामांसाठी असे: अंघोळीचं पाणी आणि बाळंतिणीची खोली. मुंबईच्या मराठी घरातल्या उबेचा इतिहास शोधायचा तर या दोन विस्तवांच्या मागे जावं लागतं. तो माग काढताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रत्येक नव्या साधनाने धूर, राख आणि बाईच्या कंबरेचे कष्ट कमी केले, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण धुरापायी घरात वाऱ्यासाठी जी वाट ठेवावी लागे, ती वाटही आपण त्याच्यासोबत बंद करत आलो. चूक तिथे झाली.

सुरुवात परसदारापासून करू. कोकणातल्या घरात चुलीला वैल असे. चुलीत पेटलेल्या लाकडाची झळ आतल्या वाटेने वैलाखाली जाई आणि एरवी वाया जाणाऱ्या त्या धगीवर आमटी किंवा पाण्याचं तपेलं तापत राही. अंघोळीच्या पाण्याची चूल मात्र वेगळी, न्हाणीजवळ, बहुधा परसात. तिच्यावर तांब्याचा हंडा, गोव्याकडे भाण. सरपण म्हणजे जे हाताशी असेल ते: झावळ्या, सोडणं, करवंट्या, पाचोळा. माहीम-दादरचा किनारा नारळाच्या वाड्यांचाच होता, तेव्हा इथल्या जुन्या घरांनाही हे सरपण परकं नव्हतं. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तो हंडा घासून लखलखीत करायचा, गळ्यात वेल किंवा फुलांची माळ घालायची आणि भरून ठेवायचा, ही रीत कोकणात आणि कर्नाटकाच्या सीमेवर अजून पाळली जाते. पाणी तापवणं हे घरातलं मानाचं काम होतं. आणि तो जाळ उघड्यावर होता, हे पुढच्या कथेसाठी महत्त्वाचं.

माणसं गिरगावात आली आणि परस गेलं. दीड खोलीच्या बिऱ्हाडात मोरी कोपऱ्यात, चूल समोर, झोपायची जागा त्याच दोहोंच्या मधे. तिथे पाण्याची चूल कुठे मांडणार? या अडचणीवरचं उत्तर म्हणजे बंब. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत ठोकलेला किंवा पायधुणीच्या तांबाकाट्यावरून आणलेला, सांदीकोपऱ्यात मावेल असा.

बंबाची रचना नीट पाहण्याजोगी आहे. तांब्याचं उभं पिंप. त्याच्या पोटातून आरपार गेलेली जाड नळी, खाली लोखंडी जाळी आणि जाळीखाली राखेचा कप्पा. विस्तव त्या नळीत, पाणी तिच्या भोवती. म्हणजे चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला जाळ. उघड्या चुलीवर हंडा ठेवला की निम्मी धग बाजूने निसटते. बंबात ती वर जाता जाता पाण्याला देऊनच बाहेर पडते. वरच्या बाजूला नरसाळं. त्यात तपेलंभर गार पाणी ओतलं की ते आतल्या नळीने तळाशी जाई, आणि वर चढलेलं कढत पाणी तेवढंच तोटीतून बादलीत पडे. जितकं घालाल तितकंच मिळेल. यामुळे बंब कधी कोरडा पडत नसे. रिकामा बंब पेटवला तर सांध्यांचा डाक सुटतो, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. काही बंबांना खाली चावी असायची. तिथे पाण्याची पातळी डोळ्यांनी सांभाळावी लागे. बादलीत कढत पाणी काढायचं, त्यात विसण घालायचं आणि हात बुडवून अंदाज घ्यायचा, म्हणजे झालं. अंघोळ एका बादलीची, कारण दुसऱ्या बादलीसाठी पुन्हा ढलपे घालावे लागत.

सरपण वखारीतून येई: जळाऊ लाकडं, लोणारी कोळसा. पैसा जपून खर्च करणाऱ्या घरांत कोळशाचा चुरा शेणात कालवून गोळ्या वळत आणि त्या गच्चीवर किंवा सज्जात वाळत घालत. भुशाची शेगडी हाही त्याच काटकसरीतला प्रकार. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती लाकडाचा भुसा ठोकून ठोकून भरायचा, मग बाटली अलगद फिरवून उपसून घ्यायची. राहिलेल्या पोकळीत जाळ लावला की भुसा कित्येक तास मंद जळत राही. गिरणगावातल्या खोल्यांमधून सकाळचं पाणी आणि रात्रीची भाजी अशा डब्यांवर निघत असे.

हा सगळा विस्तव वस्तीत आला तेव्हा वस्तीची हवा कशी होती? १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ विएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. त्या साथीने शहराला अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे पाहायला लावलं. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथल्या आखीव वसाहती त्याच्याच योजनेतल्या. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. खोलीसमोरची मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी हवी, म्हणजे तळमजल्यावरही आकाशाचा उजेड पोचतो, असा त्याचा सोपा अर्थ. हेतू प्लेग आणि क्षय हटवण्याचा होता. बंबाचा विचार त्यात कुणी केला नसेल. पण उजेडासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेने विस्तवालाही हवा दिली.

शिवाजी पार्क या विचारातूनच उभं राहिलं. मैदान १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुलं झालं. १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वेळी, अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचं शिवाजी पार्क झालं. मग १९३०च्या आणि ४०च्या दशकांत भोवती दोन-तीन मजली इमारती आल्या. गोलाई दिलेले सज्जे, रुंद जिने, चारही बाजूंना मोकळी जागा. गिरगावातून इथे राहायला आलेल्या कुटुंबाला मिळालेली मोठी चैन म्हणजे स्वतःचं न्हाणीघर, बाहेर उघडणाऱ्या खिडकीचं. बंबही सामानासोबत आला. तो मागच्या सज्जात किंवा त्या खिडकीखाली बसला. पेटताना धूर होई म्हणून खिडकी उघडी टाकावीच लागे. धूर डोळ्यांना झोंबत होता, पण पहारेकऱ्याचं कामही तोच करत होता.

धूर नसलेला विस्तव अधिक घातक असतो, हे बाळंतिणीच्या खोलीत दिसतं. सुतळीच्या खाटेखाली फुललेल्या निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणाच्या साली. आईला शेक, बाळाला धुरी. वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या. या रीतीमागे थोर माया होती. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला कुणी सव्वा महिना विश्रांती, ऊब आणि अंगाला तेल देतं, ही गोष्ट जपण्यासारखीच आहे. पण निखारा लाल दिसतो, धूर देत नाही, आणि नेमका तोच कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, ग्लानी येते. ओल्या बाळंतिणीची ग्लानी अशक्तपणाची समजली जाई. उत्तर भारतात अजून दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगिठीने माणसं दगावतात, ती याच कारणाने.

परळला १९२६ साली नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं. पुढच्या दोन पिढ्यांत बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं आणि शेगडी मागे पडत गेली. बोगोटातल्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायला सुरुवात केली. ती पद्धत आज जगभर मान्य आहे आणि आपल्याकडच्या रुग्णालयांतही शिकवली जाते. नवजात बाळाला ऊब द्यायला आईच्या अंगाइतकं सुरक्षित साधन नाही, आणि त्याला ना कोळसा लागतो ना वीज.

अंघोळीचं पाणी मात्र घरातच राहिलं, आणि त्याचा विस्तव बदलत गेला. शहरात गॅस तसा लवकर आला होता. १८६५च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवर बॉम्बे गॅस कंपनीचे दिवे लागले. लालबागची गॅस कंपनी लेन त्याचीच आठवण. तो गॅस दगडी कोळशापासून काढलेला, त्यामुळे त्यात मुळातच कार्बन मोनॉक्साइड असे. वीज आणि ट्रामची कंपनी १९०५ची, खोपोलीहून टाटांची जलविद्युत आली १९१५ साली, आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी ती वीज-ट्राम कंपनी महापालिकेच्या हाती येऊन आजची बेस्ट झाली. तरी विजेवर पाणी तापवणं मध्यमवर्गीय घराला बराच काळ परवडण्यातलं नव्हतं. तिथे वाती आणि पंपाचे रॉकेलचे स्टोव्ह आले, त्यांच्यावर पातेलं. १९५०च्या दशकात बर्मा-शेलने ‘बर्शेन’ या नावाने सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली, ती मुंबईपासूनच. १९९५ साली महानगर गॅस स्थापन झाली आणि नैसर्गिक वायू नळाने घराघरांत पोचू लागला. यातल्या प्रत्येक टप्प्यावर काजळी कमी झाली, वखारीच्या फेऱ्या संपल्या. सज्जातला बंब आधी माळ्यावर गेला, मग मोडीत, आणि आता कुठे कुठे दिवाणखान्यात कुंडी म्हणून मिरवतो.

त्याच्या जागी आला गिझर. गॅसवर चटकन पाणी तापवणारं पहिलं यंत्र बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ साली लंडनमध्ये केलं. त्यात एक मोठी उणीव होती: जळलेला वायू बाहेर नेणारी नळी त्याला नव्हती. सगळं न्हाणीघरातच साठे. पुढच्या कारागिरांनी ती नळी जोडली, आणि थंड देशांतल्या नियमांनी ती सक्तीची केली. आपल्याकडे भिंतीवर टांगायचे छोटे गॅस गिझर आले ते स्वस्त, सुटसुटीत, वीज न खाणारे. आणि पुष्कळ घरांत ते मॉनच्या पहिल्या यंत्रासारखेच बसले: न्हाणीघरात, नळीशिवाय.

इथे थोडं गणित मांडतो. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो. १ किलो गॅस पुरता जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीत दोन घनमीटरांहून थोडी अधिक हवा. पाच फूट बाय सहा फूट, नऊ फूट उंच न्हाणीघरात मुळात साडेसात घनमीटर हवा असते. दार लावलेलं, खिडकी बंद, तर दहा मिनिटांत पाव खोलीच्या हवेतला ऑक्सिजन संपला, आणि उरलेल्या हवेवर माणूस आणि ज्योत दोघंही जगताहेत. ऑक्सिजन दोन-चार टक्क्यांनी उतरला की ज्योत अर्धवट जळते, आणि अर्धवट जळणारी ज्योतच कार्बन मोनॉक्साइड सोडते. एकामागोमाग घरातले चौघे अंघोळीला गेले, तर सगळ्यात मोठा धोका शेवटच्याला.

‘गॅस गळला तर वास येतोच की,’ हे मी कितीतरी जणांकडून ऐकलं आहे. गळणाऱ्या गॅसला वास येतो कारण तो मुद्दाम घातलेला असतो. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी शाळेच्या तळघरात साठलेल्या बिनवासाच्या गॅसचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जण, बहुतेक मुलं, दगावले. त्यानंतर गॅसला उग्र वास देण्याचे कायदे झाले. पण हा वास न जळलेल्या गॅसचा. ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तो नसतो. आपलं नाक ज्या भरवशावर राहतं, तो भरवसा इथे लागू पडत नाही. भारतीय डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत, ज्यांना न्हाणीघरात बेशुद्ध पडल्यावर आधी मिरगीचा झटका समजलं गेलं. नंतर उलगडा झाला तो भिंतीवरच्या गिझरचा.

आता शिवाजी पार्कच्या खिडकीकडे परत पाहा. जुन्या इमारतींत बंबाने उघडी ठेवायला लावलेली ती खिडकी सरकत्या काचेने बंद झाली. कुठे डास येतात म्हणून, कुठे थंडी वाजते म्हणून, कुठे शेजारची इमारत जवळ आली म्हणून. थंडीच्या ज्या चार दिवसांत गिझर सगळ्यात जास्त चालतो, त्याच चार दिवसांत ती फट घट्ट लावली जाते. पुनर्विकासात उंच मनोरे आले, त्यांतल्या न्हाणीघरांना अनेकदा नुसता पंखा आणि डक्ट असतो. पंखा हवा बाहेर फेकतो, पण आत यायला वाट नसेल तर तो गिझरचा जळका वायूही खोलीतच ओढू शकतो. खिडकीची जागा पंखा घेऊ शकत नाही.

विजेच्या गिझरला हा धोका नाही, ही त्याची खरी थोरवी. त्याचे धोके वेगळे. अर्थिंग नीट हवं, तीस मिलिअँपियरचा गळतीरोधक स्विच हवा, दाब सोडणारी झडप मोकळी हवी. बादलीत सोडायचा रॉड वापरत असाल तर प्लास्टिकची बादली, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात नाही. रॉड चालू असताना बोट बुडवून पाणी पाहण्याची सवय अनेकांच्या जिवावर बेतली आहे. विसण घालून हाताने अंदाज घेण्याची बंबाच्या काळातली ती सवय विजेसमोर चालत नाही.

उरला प्रश्न बचतीचा. तिथे जुन्या घराकडून शिकायला खूप आहे. २० लिटरच्या बादलीतलं पाणी २५ अंशांवरून ४० वर न्यायला जेमतेम एक तृतीयांश युनिट वीज लागते. मिनिटाला ८ लिटरच्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर ८० लिटर पाणी आणि जवळपास दीड युनिट. चौपट. बाजारातला कुठलाही पाच तारे मिळवलेला गिझर ही तफावत भरून काढू शकत नाही, कारण तारे टाकीतून निसटणारी धग मोजतात, नळाखाली वाहून जाणारं पाणी मोजत नाहीत. १५ लिटरची दोन किलोवॉटची टाकी वीस मिनिटांच्या आत तापते. मग ती रात्रभर चालू ठेवण्याचं कारण काय? मुंबईचा हिवाळा स्वच्छ उन्हाचा असतो, म्हणून दिवसाला १०० लिटर पाणी तापवायला दोन चौरस मीटरचा सौर पट्टा पुरतो. पुणे महापालिका त्यासाठी मालमत्ता करात सवलत देते. मनोऱ्याच्या गच्चीत सगळ्यांना पुरेल एवढी जागा नसते. पण तीन मजली सोसायट्या अजून उभ्या आहेत, आणि त्यांच्या गच्च्या रिकाम्या आहेत.

वाचकांना विनंती आहे. घरात गॅस गिझर असेल तर तो आजच्या आज न्हाणीघराबाहेर, उघड्या सज्जात किंवा हवेशीर जागी हलवा, आणि पाणी नळाने आत आणा. तेवढं जमेपर्यंत दार लावण्याआधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मग अंघोळीला बसा. खिडकीची वरची फट कायमची उघडी ठेवा. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली की वापर थांबवून माणूस बोलवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी नेऊ नका, मग ती बाळंतिणीसाठी असो की सोसायटीच्या रखवालदाराच्या केबिनमध्ये. रखवालदाराला जाडजूड ब्लँकेट घेऊन द्या. अंघोळ करताना डोकं जड झालं तर अंग पुसत बसू नका, दार उघडून बाहेर या. आत कुणी हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि गॅस गिझर चालू होता हे डॉक्टरांना आधी सांगा. उपचार त्या एका वाक्यावर ठरतात.

घरात ऊब हवीच, पण हवेची वाट बंद करून नको.